इथे एकदाच विचारतात

नव्यानं येणाऱ्यांसाठी दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी चार उपयोगी गोष्टी लिहितं. यंदा ते माझ्यावर आलंय. मागच्या वर्षीचं फार कोरडं होतं, उदाहरणं हवी होती, अशी तक्रार होती. उदाहरण म्हणून मी माझ्या वडिलांना घेते. ते इथे राहायला आले तेव्हा त्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती. ती बदलून मिळणार होती. त्यासाठी त्यांना फक्त हो म्हणायचं होतं. इथे राहण्यासाठी जे काही लागतं ते जवळजवळ सगळं त्या एका गोष्टीत येतं.

किल्ली

दार मागे ओढलं की कुलूप लागतं. कचरा टाकायला जातानासुद्धा किल्ली खिशात असू द्या. विसरलात तर शेजाऱ्याचं दार वाजवू नका. इमारतीच्या फलकावर एक नंबर आहे, त्या नंबरावरचा माणूस येऊन उघडून देतो. शेजारी चांगलं बोलेल, पण तुम्ही त्याच्याकडे का आलात ते त्याला कळणार नाही.

आप्पा पहिल्याच आठवड्यात असे बाहेर अडकले. आप्पा म्हणजे वामन तोताराम भारंबे, सावद्याचे. केळी पिकवायच्या खोल्यांचा धंदा होता. आई गेल्यावर तो माझ्या भावाच्या, लीलाधरच्या हातात देऊन ते इथे, स्कारविकला, माझ्याकडे आले. अडकले तेव्हा ते जिन्यातच बसून राहिले. खालच्या मजल्यावरचे एरलिंग, आप्पांच्याच वयाचे, जाता जाता थांबले आणि आत येऊन बसता का असं त्यांनी खुणेनं विचारलं. आप्पांनी हात जोडून, मान हलवून नको म्हटलं. एरलिंग घरात गेले. मी कामावरून आले तेव्हा आप्पांची बोटं निळी पडली होती.

त्यानं पुन्हा विचारलंच नाही, असं ते मला म्हणाले. रागानं नाही. या गावाला नदी नाही असं सांगावं, तसं.

रुळवणी

घ्या. लवकर घ्या.

सरकारी कागदांवर तिला अनुकूलन उपचार म्हणतात, आपले लोक रुळवणी म्हणतात. ती सक्तीची नाही. इथे काहीच सक्तीचं नाही. तुम्हाला एकदा विचारतील.

भीती वाटत असेल तर आधी समजून घ्या. लहान मूल आसपासच्या माणसांच्या रीती शिकत नाही, त्या त्याच्यात मुरतात. त्या वयात मेंदूच्या पेशींमधले जोड मोकळे असतात. पुढे काही पेशींभोवती प्रथिनांची बारीक जाळी विणली जाते आणि जे मुरलं ते पक्कं होतं. म्हणून मोठेपणी आलेल्या माणसाला परकी भाषा जमते, पण परक्या घरातून कधी उठावं ते कळत नाही. नाकात मारायचा एक फवारा ही जाळी सहा आठवडे सैल करतो. तेवढ्या काळापुरता कानाच्या खोलगट भागात एक मणी बसवतात. तिथे त्वचेखालून व्हेगस नावाच्या मज्जातंतूची फांदी जाते. तिला अगदी हलका विजेचा स्पर्श झाला की मेंदूला निरोप जातो : आत्ता जे घडलं ते ठेवून घे.

मणी तुमचा श्वास ऐकतो, नाडी ऐकतो, समोरच्याचा आवाज ऐकतो. तुम्ही इथल्या माणसासारखं वागलात की त्याच क्षणी झिणझिणी येते. फार तहान लागलेली असताना पहिला घोट खाली उतरल्यावर वाटतं, तेवढं बरं वाटतं.

समजा, तुम्ही पाहुण्याला आणखी वाढू का विचारलं आणि तो नको म्हणाला. आपल्याकडच्या माणसाच्या आत लगेच काहीतरी हलतं आणि तो श्वास आत घेतो, पुन्हा विचारायला. मण्याला तो श्वास ऐकू येतो. तुम्ही तो न बोलता सोडून दिलात की झिणझिणी. तिसऱ्या आठवड्यात तो श्वास घेतलाच जात नाही. सहा आठवडे झाले की मणी काढतात, जाळी पुन्हा घट्ट होते, आणि बाहेरचं काहीही तुमच्या शरीरात उरत नाही. उलट फिरता येत नाही. जाळी दुसऱ्यांदा सैल केली तर जुन्या आठवणीच निसटायला लागतात, म्हणून फवारा आयुष्यात एकदाच देतात. आणि साठीच्या पुढे देतच नाहीत.

ज्यांनी हे शोधलं त्यांचं म्हणणं साधं होतं. परकेपणा ही काही खोल भावना नाही. ती शेकडो बारक्या चुकामुकींची बेरीज आहे. कोण किती लांब उभं राहिलं, किती वेळ गप्प बसलं, नको म्हटल्यावर काय केलं. चुकामुकी काढून टाका, बेरीज शून्य.

माझी शून्य झाली. मी इथे सुखात आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

जोडीनं येणारे

दोघांनीही घ्या नाहीतर कुणीच घेऊ नका. माझ्या नवऱ्यानं, परागनं, घेतली नाही. एकदा भांडण झालं आणि तो म्हणाला, मला एकट्याला राहू दे. मी राहू दिलं. बरेच दिवस राहू दिलं. मग त्यानं परत जायचा विषय काढला. नक्की का, असं मी विचारलं. तो हो म्हणाला. मी बॅगा भरायला मदत केली. विमानतळावर तो सारखा मागे वळून बघत होता, म्हणून काही विसरलाय का ते मी फोन करून विचारलं.

काही विसरला नव्हता.

घरची आठवण

येत नाही.

दवाखाना

इथे पेशंटच्या वतीनं घरच्यांनी बोलायचं नसतं. निर्णयाचं बोलणं असेल तर घरच्यांनी भाषांतरही करायचं नसतं. पलंगाला दुभाषी यंत्र लावतात, ते पेशंट जे म्हणाला तेच सांगतं, कमी नाही आणि जास्त नाही. आपल्या लोकांना हे खटकतं. मला आता यात माणसाचा मान दिसतो.

आप्पांना जिना चढताना धाप लागायची. दुसऱ्या मजल्यावर ते खिडकीतून बाहेर बघायचं निमित्त करून थांबायचे. डॉक्टर सोल्वेग यांनी तपासलं आणि त्यांना पडद्यावर त्यांचंच हृदय दाखवलं. झडप उघडताना अर्ध्यावरच अडत होती. मांडीतल्या रक्तवाहिनीतून मिटलेली नवी झडप वर न्यायची, जुनीच्या आत उघडायची. छाती कापायची नाही. दोन-तीन दिवसांत घरी. केलं तर पुढची बरीच वर्षं चांगली. नाही केलं तर हा हिवाळा जाईल कदाचित, पुढचा नाही. मी इथली रहिवासी असल्यामुळे खर्चाचा प्रश्नच नव्हता आणि हेही डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मग त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि करायचं का, असं त्यांनी विचारलं.

"नको," आप्पा म्हणाले. "आता या वयात काय करायचंय? उगाच पोरीला ताप."

यंत्रानं तेच सांगितलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ किंचित उघडे, भुवया वर. पंगतीत वाढपी समोर आल्यावर ते ताटावर आडवा हात धरायचे तेव्हा असेच दिसायचे. सावद्याला तो हात कुणी खरा मानत नाही. पुरी हातावर पडते, हात बाजूला होतो, दुसरी पुरी ताटात पडते. अशा वेळी सावद्यात काय झालं असतं ते मला माहीत होतं. रुळवणीनं माहिती जात नाही, ओढ जाते. लीलाधर त्यांच्यावर ओरडला असता. कुणीतरी आईचं नाव काढलं असतं. आप्पांनी पुन्हा नको म्हटलं असतं, पण आवाज खाली आणून. तिसऱ्या वेळी त्यांनी मोठा उसासा टाकून, तुम्ही काही ऐकणार नाही, करा बाबा काय करायचं ते, असं म्हटलं असतं आणि रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असत्या.

मला हे सगळं माहीत होतं. पण उत्तर स्वच्छ होतं, आणि स्वच्छ उत्तर ऐकलं की बरं वाटतं.

इतक्या स्पष्टपणे सांगितल्याबद्दल डॉक्टरांनी आप्पांचे आभार मानले. मत बदललं तर कधीही सांगा, असंही त्या म्हणाल्या. फोनवर चालेल. पण सांगायचं तुम्ही. एक वाक्य पुरे. यंत्रानं ते मराठीत दोनदा ऐकवलं, कारण आप्पांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते अजून माझ्याकडेच बघत होते.

जेवायला बोलावलं तर

जितक्या वाजता बोलावलंय तितक्याच वाजता जा. काय आणू असं विचारलंत आणि काही नको असं उत्तर आलं, तर काही नेऊ नका.

आमच्या वरच्या मजल्यावर मृणाल आणि गौरव नवे आले होते. रुळवणीची तारीख अजून लागायची होती. त्यांनी भरीत केलं आणि आप्पांना आणि मला बोलावलं. वांगी इथली, काळी आणि बिनचवीची. ती गॅसवर धरल्यामुळे इमारतीचा धुराचा भोंगा वाजला होता, त्याचं मृणाल हसून वर्णन करत होती. आप्पांनी ताटावर हात धरला. "काका, हात काढा, नाहीतर हातावर वाढते," ती म्हणाली आणि तिनं खरंच वाढलं. आप्पा हसले. किती दिवसांनी ते मला आठवत नाही. ते चारदा नको म्हणाले आणि पाचव्यांदा त्यांनी ताटातलं बोटानं निपटून खाल्लं. मला बघवत नव्हतं. एक माणूस स्पष्ट नाही म्हणतोय आणि दुसरं त्याच्या ताटात ढकलतंय.

आप्पांचं वजन कमी होतंय हे माझ्या लक्षात आलेलं होतं. वय झालं, भूक मंदावली, असं मी धरून चालले होते. मी रोज विचारत होते. रोज एकदा.

पुढच्या महिन्यात त्या दोघांची रुळवणी झाली. नंतर त्यांनी पुन्हा बोलावलं तेव्हा घरात धूर नव्हता. मृणालनं आणखी हवंय का असं गोड आवाजात विचारलं. आप्पांनी हात धरला. ती भांडं घेऊन आत गेली. आप्पांनी बराच वेळ हात काढला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मग गौरवनं ताट उचललं.

बँकेचं खातं

सोपं आहे. पुढे चला.

कपडे धुण्याची खोली

तळघरात आहे. फलकावर आपल्या घराचा आकडा आपल्या वेळेच्या चौकोनात लावायचा. वेळ हुकली तर हुकली, दुसऱ्याच्या वेळेत घुसायचं नाही, आणि यंत्रात कुणाचे कपडे राहिले असतील तर ते काढून नीट घडी घालून ठेवावेत असं तुम्हाला वाटेल, तर तसं करू नका, कारण आप्पांनी एरलिंगच्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि त्यावरून त्यांची ओळख झाली आणि त्यातून खुणाखुणांनी त्यांना कळलं की एरलिंगच्या हृदयात तीच नवी झडप बसवलेली आहे.

त्या दिवसापासून आप्पा बोलायला लागले. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं.

खालचे ते म्हातारे सकाळी बर्फात चालायला जातात, असं ते मला म्हणाले. हो, जातात, मी म्हणाले. त्यांनी ती झडप बसवली म्हणे. हो. म्हणजे माणूस बरा होतो तर. हो, आप्पा, बरा होतो. मग ते पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरबाई मोठी हुशार वाटली, असं म्हणाले. मी म्हटलं, आहेच. तिच्या हाताला यश असणार. असेल. एकदा तर ते म्हणाले की लीलूची मुलगी आता दहावीला येईल, तिचं लग्न बघायला मिळालं तर बरं, पण आपल्या हातात थोडंच असतं. मी म्हणाले, ऑपरेशन केलं असतं तर मिळालं असतं.

ते खोटं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

मग मी जे म्हणायला हवं ते म्हणाले. हवं असेल तर सांगा, मी लगेच फोन लावते.

इथे याच्याइतकं चांगलं वाक्य नाही. हे वाक्य शिका, इथल्या भाषेत पाठ करा. समोरच्याच्या हातात सगळं देतं ते. सावद्यात मात्र हवं असेल तर घ्या असं पाहुण्याला म्हटलं, तर तो पाण्याचा घोट न घेता उठून जातो. आप्पा उठून कुठे जाणार? ते खिडकीपाशी गेले.

"छे," ते काचेकडे बघत म्हणाले, "मला काय हवंय."

घरच्यांशी बोलणं

आठवड्यातून एक दिवस ठरवून ठेवा. जास्त बोललात तर गैरसमज वाढतात.

लीलाधरला मी ऑपरेशनचं सांगितलं ते आप्पांनी नकार दिल्यावर बऱ्याच दिवसांनी. निर्णय झालेला होता, घाई नव्हती. तो म्हणाला, "ताई, त्यांनी नको म्हणायचं आणि आपण ऐकायचं? कुठल्या घरात वाढलीस तू?"

त्याला मी फवारा, मणी, जाळी सगळं समजावलं. त्यानं शिव्या दिल्या. मग रडला. मग त्याच्या धंद्यातल्या माणसासारखा हिशेबात आला. तुला वाटलं पाहिजे असं कुणी सांगितलं, असं तो म्हणाला. नको वाटू देऊ. तोंडानं विचार. तीनदा. आई काय मनापासून करायची का दर वेळी? कंटाळून करायची, भाजी ढवळता ढवळता करायची, त्यांच्याकडे न बघता. पण तीनदा करायची.

हे मला पटलं. खरंच पटलं. मी काही दगड नाही, आप्पा जगावेत असं मला वाटत होतं. फक्त त्यांनी नको म्हटल्यावर त्या वाटण्याला जायला वाट राहिली नव्हती. तीनदा विचारणं ही एक कृती आहे, ती करता येईल, असं मी ठरवलं. लीलाधरनं माझ्याकडून फोनवर सराव करून घेतला. तो आप्पा झाला, मी मी झाले. तिसऱ्या वेळी मला कोरडी उलटी आली, पण फोनवर जमलं.

रविवारी दुपारी आप्पा खुर्चीत फोनवर गावाकडच्या बातम्या वाचत होते. मी समोर बसले.

"आप्पा, ते ऑपरेशन करून घ्या. मला वाटतं तुम्ही करावं."

ऐकायला सोपं आहे. नाही म्हणून झालेल्या माणसाला पुन्हा विचारणं म्हणजे मला कुणाच्या तोंडात बोटं घालून जबडा उघडल्यासारखं वाटत होतं. पण आप्पांनी फोन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढताना मला दिसला. ते खुर्चीत सरळ बसले, धोतराचा सोगा सारखा केला. वाढपी दुसऱ्या टोकाला गेलेला असतो आणि माणसाला वाटतं आपण राहिलो, आणि तो परत आपल्याच रांगेकडे वळतो, तेव्हा माणूस असा सावरून बसतो.

"वेडी का काय तू!" ते म्हणाले. आवाज ठणठणीत होता, डोळे हसत होते. "मला काय धाड भरलीय? तुझं काम सोडून माझ्यामागे दवाखान्याच्या चकरा मारशील? नाही म्हणजे नाही. विषय काढायचा नाही."

आणि ते थांबले. हात खुर्चीच्या दांड्यावर, मान थोडी माझ्याकडे झुकलेली. आणखी एकदा. एवढंच राहिलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिसऱ्यांदा तोंड उघडण्याऐवजी मी उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, मनगटांवर गार पाणी घेतलं. परत आले तोवर सगळं शांत झालं होतं. ते अजून तसेच बसले होते. आणि माझ्या आत ते उत्तर आता अगदी स्वच्छ, नितळ होऊन बसलं होतं. त्यांनी विषय काढू नको असं सांगितलं होतं.

"ठीक आहे, आप्पा," मी म्हणाले. "नाही काढणार."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, कुणी उचलायला न आल्यासारखं.

संध्याकाळी मी लीलाधरला कळवलं की दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नाही. तो तिसऱ्याबद्दल विचारत राहिला. शेवटी त्यानं फोन आप्पांना द्यायला लावला. मी बाहेरच्या खोलीत होते, दार उघडं होतं. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ बोलत होता. मग आप्पांचा आवाज आला. "तिच्या घरी आहे मी, लीलू. घरच्याला वाटलं पाहिजे."

लीलाधर येतो म्हणाला. त्याचा व्हिसा वसंतात मिळणार होता.

हिवाळा

दोन बोटं जाड तळव्याचे बूट घ्या. आत लोकरीचे मोजे. पायाला सूज असेल तर मोजे एक माप मोठे. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळ्यांनी घ्यायच्या, मुलांनीसुद्धा. प्रकाशाचा दिवा मिळतो, सकाळी त्याच्यासमोर बसा. आप्पा बसायचे. आडवं झालं की धाप लागायची म्हणून नंतर ते झोपायचेही त्याच खुर्चीत. एरलिंग कधीकधी येऊन शेजारी बसायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. फोनवरून दुभाषी लावता येतो हे मी दाखवलं होतं, पण त्यांना त्याची गरज वाटत नसावी. एकदा मी आले तर आप्पांनी एरलिंगचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला होता. एरलिंगनी मला विचारलं, यांना काही हवंय का? मी आप्पांना विचारलं. आप्पा नको म्हणाले.

मत बदललं तर

बदलता येतं. इथली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. शाळा, नोकरी, घर, काहीही. तुम्ही स्वतः सांगितलंत की झालं. कुणी टोमणे मारत नाही.

आप्पा सकाळी न्हाणीघरात पडले. अँब्युलन्स लगेच आली. डॉक्टर सोल्वेग यांनी त्यांना तपासलं, पडद्यावर पुन्हा ते हृदय पाहिलं आणि पडदा आमच्याकडे वळवला नाही. त्या पलंगाशेजारी बसल्या. नाकातल्या नळीमुळे आप्पांचा आवाज बारीक येत होता. कुणी काही विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"मला ती झडप बसवायची आहे," आप्पा म्हणाले. "मला जगायचंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते अभिमानानं. इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं. फवारा नाही, मणी नाही. मला जे मण्यानं शिकवलं ते आप्पा त्या वयात आपलं आपण शिकले होते. दुभाषी यंत्र लावलेलं नव्हतं, कारण डॉक्टरांच्या मते आता निर्णयाचं काही उरलं नव्हतं. म्हणून मीच भाषांतर केलं, शब्दाला शब्द.

डॉक्टरांनी ऐकलं. त्यांनी मान हलवली. हृदयाचा स्नायू थकला होता, मूत्रपिंडं बंद पडत चालली होती. टेबलावरून ते परत आले नसते. शरद ऋतूत झालं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटत होतं. मी आप्पांना सांगितलं : आता करता येत नाही, आप्पा. उशीर झाला.

त्यांनी मान डोलावली. समजलं, असं मला वाटलं. मग त्यांनी पांघरुणाखालून हात काढला आणि डॉक्टरांचा हात धरला.

"असं काय करता, डॉक्टरबाई," ते म्हणाले. "बघा ना जमवून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. उत्तर येऊन गेलेलं होतं.

आप्पांनी तो हात आणखी जवळ ओढला. ते हसायला लागले, आर्जवानं, डोकं एका बाजूला करून, सावद्यात लोक रुसलेल्या पाहुण्याला हसतात तसं. "थोडं तरी," ते म्हणाले. "माझ्यासाठी. एवढं एकदा."

"काय म्हणताहेत ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच," मी म्हणाले.